कोट, काकू आणि पिशवीसकट इंटरनेट

मला फसवणं सोपं नाही! ही बढाई नाही, माझी नोकरीच तशी आहे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात मी निरीक्षक आहे. मी बाजारात शिरलो की दुकानदार एका हातानं नमस्कार करतात आणि दुसऱ्या हातानं पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा काढून खिशात टाकतात. काट्याची सुई केसभर कललेली मला रस्त्यावरून दिसते. असा माणूस घरासाठी इंटरनेट निवडताना फसेल का? तुम्हीच सांगा!

नाही, आत्ता नको. शेवटी सांगा.

इंटरनेटची गरज पडली ती हिच्यामुळे. ही म्हणजे माझी बायको. ही रफू करते. कुणी 'शिवते' म्हटलं की तिला राग येतो. कपडा उंदरानं कुरतडू दे, इस्त्रीनं जळू दे, खिळ्याला अडकून फाटू दे, ही त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि ते उभे-आडवे विणून भोक असं बुजवते की मालकालाच शोधत बसावं लागतं. हे काम तिला तिच्या वडिलांनी शिकवलं. ते आता नाहीत. आणि लोकही हल्ली फाटलं की टाकून देतात, त्यामुळे शिकायला कुणी येत नाही.

"माझ्यानंतर हे कोण करणार हो?" सुईत धागा ओवताना ती अधूनमधून म्हणते. मला म्हणत नाही, सुईला म्हणते. पण ऐकू मला येतं.

अशात एका लांबच्या शहरातून फोन आला. मुलींना हस्तकला शिकवणारी संस्था होती. तिथल्या मुख्य बाईंनी हिनं रफू केलेली एक शाल पाहिली होती. म्हणजे शाल पाहिली होती, रफू दिसलंच नव्हतं, म्हणून तर फोन केला होता! म्हणाल्या, दर शनिवारी घरबसल्या, फोनवरून आमच्या मुलींना शिकवाल का? आधी एकदा करून दाखवा, म्हणजे पुढचं ठरवू.

ही इतकी खूश झाली की दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरली. आम्ही दोन्ही वेळा गोड मानून प्यायलो.

ठरल्या दिवशी ही मोबाइलसमोर बसली. आणि पाचव्या टाक्याला चित्र थिजलं! इकडे ही जोमानं विणतेय, तिकडे हिचा हात सुईसकट हवेत थांबलेला. "बाई, थांबलात का? बाई, दिसताय पण हलत नाही आहात!" असे आवाज येत राहिले. शेवटी संस्थेच्या बाई म्हणाल्या, "येत्या शनिवारी पुन्हा एकदा बघू. घरी चांगलं नेट असलं तर घ्या. तेव्हाही असंच झालं, तर मात्र मुलींना दुसरं काहीतरी शिकवावं लागेल."

हिनं सुई उशीत खोचली. "जेवायला वाढू का?" एवढंच विचारलं. मला फार वाईट वाटलं. ती रडली असती तर मी समजूत काढली असती, पण वाढू का म्हणणाऱ्या माणसाची समजूत कशी काढायची?

"अगं, घरात निरीक्षक असताना तू काळजी कसली करतेस?" मी म्हणालो. "इंटरनेट म्हणजे काय, एक मालच आहे. माल पारखायचा आणि घ्यायचा! शनिवारी तू अजिबात अडकणार नाहीस. शब्द देतो!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे? शिक्का मारून!"

शब्द तर दिला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात रजेचा अर्ज टाकला आणि मी कामाला लागलो.

सुरुवात जिन्यातच झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येत होत्या. या काकू आमच्या बरोबर डोक्यावर राहतात. एकट्याच असतात. काका जाऊन काही वर्षं झाली. काकूंचं आणि माझं फारसं जमत नाही, कारण त्या कुंड्यांना पाणी घालतात ते माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर पडतं. मी तक्रार केली की म्हणतात, "शर्टाला पालवी फुटली तर सांगा." त्या मला नावानं हाक मारत नाहीत, 'निरीक्षक' म्हणतात.

"काय निरीक्षक, आज घरी?"

"इंटरनेट निवडतोय, काकू. तुम्ही कसं निवडलंत?"

"मी कुठलं निवडतेय? दुकानात गेले, म्हटलं द्या एक. त्यांनी दिलं."

"आणि वेग? हमी? अटी?"

"डबीवर हिरवा दिवा लागतो," काकू म्हणाल्या. "आणखी काय हवं?"

मला हसू आवरेना. माणूस वांगी घेताना देठ बघतो, आणि ही बाई इंटरनेट डोळे मिटून घेते! मी तिथंच जिन्यात त्यांना निवडीचं शास्त्र समजावून सांगायला घेतलं. काकू कठड्याला टेकून सगळं ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बायकोला म्हणावं, कोट झाला की निरोप दे." आणि गेल्या.

कोटाचं तेवढं लक्षात ठेवा.

मी तीन कंपन्यांच्या माणसांना बोलावलं. मुद्दाम एकाच वेळी! म्हणजे समोरासमोर बसून ते एकमेकांचं पितळ उघडं पाडतील आणि मी बाजूला बसून खरं काय ते टिपून घेईन. दुपारी तिघं आले. एक लाल टोपीतला, एक टाय लावलेला आणि एक आमच्याच भागातला केबलवाला. दारातच तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या! तिघंही आधी एकाच कंपनीत होते म्हणे. माझ्या सोफ्यावर बसून त्यांनी जुन्या साहेबाला यथेच्छ शिव्या घातल्या. आईनं आतून चहा आणला आणि टायवाल्याला विचारलं, "गळ्याला लागत नाही का रे ते?" त्यानं बिचाऱ्यानं टाय सोडला आणि पाय वर घेऊन बसला.

शेवटी मी घसा खाकरला. म्हणालो, "तुम्ही तिघंही जाहिरातीत वेग शंभर आहे म्हणता. मला एकच सांगा. शंभर म्हणजे नुसता माल शंभर, की पिशवीसकट शंभर?"

लाल टोपीवाला म्हणाला, "सर, आमचा वेग अमर्याद आहे." ज्या मालाला माप नाही तो मी घेत नाही. बाद!

टायवाला म्हणाला, "काका, शंभर म्हणजे शंभरच, कधी कधी एकशे वीससुद्धा." जो दुकानदार मागितल्यापेक्षा जास्त देतो म्हणतो, त्याचा काटा मी आधी जप्त करतो. बाद!

केबलवाला डोकं खाजवत म्हणाला, "पिशवीसकट, साहेब."

मी उठून त्याचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. निवड झाली! जाताना तिघं एकाच रिक्षातून गेले, ते जाऊ द्या.

केबलवाल्यानं दुसऱ्या दिवशी आपला जोडणीवाला पाठवला. त्याच्या हातात ड्रिल, खांद्यावर वायरचं वेटोळं, आणि कान व खांदा यांच्यामध्ये मोबाइल. तो कुणाशी तरी सतत बोलत होता. त्याच्या बहिणीचं घर बदलणं चाललं होतं, आणि कपाट जिन्यातून वळत नव्हतं.

"राउटर कुठं लावू, काका? ...अगं, तिरकं कर ना ते!"

"माझ्या टेबलाशीच लावा ना," ही म्हणाली. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं कामाचं टेबल आहे. उजेड तिथं चांगला येतो. वायरही त्याच खिडकीतून आत येणार होती.

"छे! असं कसं? वाटप समान झालं पाहिजे!" मी म्हणालो. मी टेपनं सगळं घर मोजलं होतं. घराचा बरोबर मधला बिंदू बैठकीच्या खोलीतल्या मधल्या भिंतीवर येत होता. तिथं मी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती. म्हणजे वायर मागच्या खोलीत येणार, मग भिंतीला भोक पाडून ती बैठकीत घ्यायची.

जोडणीवाल्यानं ड्रिल फुलीवर टेकवलं. "पलीकडं काही नाही ना, काका?"

"काही नाही!" मी छातीठोकपणे म्हणालो. "भिंत आहे नुसती."

घर्रर्र झालं. विटांचा चुरा पडला. मग आवाज बदलला. आधी घर्रर्र होता, तो एकदम मऊ झाला. असं वाटलं की ड्रिल कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसलंय.

मी पळत मागच्या खोलीत गेलो. पलीकडे भिंतीवर खुंटी होती. खुंटीवर कोट होता. राखाडी लोकरीचा, जुना, सुंदर. त्याच्या बाहीला कसर लागून पडलेली भोकं हिनं नुकतीच बुजवून, इस्त्री करून, कोट द्यायला तयार म्हणून टांगून ठेवला होता. आणि आता त्या कोटाच्या डाव्या छातीवर, बरोबर खिशाच्या वर, ड्रिलचं टोक बाहेर आलं होतं. लोकरीचे दोन धागे गुंडाळून घेऊन!

तो काकूंचा कोट होता. म्हणजे काकांचा. थंडी सुरू झाली की काकू तो बाहेर काढतात आणि काकांच्या खुर्चीच्या पाठीला घालून ठेवतात. हे मला हिनंच कधीतरी सांगितलं होतं.

जोडणीवाला मागून आला, त्यानं कोट पाहिला आणि फोनमध्ये म्हणाला, "ताई, तुझं कपाट राहू दे, इथं मोठं झालंय."

हिनं ड्रिलच्या टोकावरून कोट हळूच सोडवला. भोकात करंगळी घालून पाहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं!

"काकूंना सांगायला हवं," ती म्हणाली.

"तू दुरुस्त कर ना, दिसणारसुद्धा नाही! कशाला सांगायचं?"

"न दिसणं निराळं आणि न सांगणं निराळं. मी रफू करते, अहो, चोरी नाही. सांगायचं आहेच, आणि तुम्ही सांगायचंय."

"सांगतो. शनिवार होऊ दे."

तिनं कोट हातावर घेतला. म्हणाली, "शनिवारी मुलींना हेच दाखवते. मुद्दाम पाडलेल्या भोकावर हात चालत नाही माझा. बाबा म्हणायचे, ज्याचं कपड्यावर प्रेम आहे त्याचंच भोक नीट बुजतं."

संध्याकाळी राउटर सुरू झाला. हिरवे दिवे लुकलुकू लागले. मी मोबाइल घेऊन घरभर फिरलो आणि प्रत्येक कोपऱ्यात वेग तपासला. पिशवीसकट शंभर म्हणाला होता, पिशवी वजा जाता उत्तम होता! मग मी पासवर्ड ठेवला. असा ठेवला की कुणाच्या बापाला फोडता येऊ नये. त्यात आकडे होते, चिन्हं होती, लहानमोठी अक्षरं होती. तो टाकता टाकता माझाच फोन दोनदा रुसला.

आई राउटरजवळ आली. आईचं वय झालंय, पण घरातलं एक काम तिनं कुणाला दिलेलं नाही. जिथं माणूस नाही तिथला दिवा, पंखा, जे काही चालू असेल ते बंद करत ती घरभर फिरते. मी दाढी करत असताना न्हाणीघरातला दिवा कितीदा गेलाय!

"हे रात्रंदिवस चालूच असतं?" तिनं विचारलं.

"हो आई. याला हात लावायचा नाही."

तिनं लगेच हात लावला. "बिचारं," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. अकराचा वर्ग होता. मी सकाळपासून लग्नघरातल्यासारखा इकडून तिकडे करत होतो. हिनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, कोट पालथा पसरला, टेबलावरच्या दिव्याच्या मानेला फोन बांधला, म्हणजे तिचे हात बरोबर वरून दिसतील. साडी नेसली होती ती तिच्या वडिलांनी दिलेली. मुलींना फक्त हात दिसणार होते, तरी.

"नेट पाहिलंत?"

"पाहिलं? अगं, फोनवर बघ, सगळ्या रेघा भरलेल्या!" खरंच भरलेल्या होत्या. मला वाटलं, आपल्या निवडीचा फोटो काढून फ्रेम करावा.

वर्ग सुरू झाला. मी दारात उभा राहिलो. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत मुलींचे चेहरे होते, आणि मध्ये संस्थेच्या बाई. हिचा आवाज सुरुवातीला कापत होता. "आधी... आधी कपड्याशी ओळख करून घ्यायची. त्याचा धागा उभा कसा जातो, आडवा कसा जातो, ते बोटानं बघायचं." मग तिनं काठाच्या आतल्या शिवणीतून धागा काढला, सुईत ओवला, आणि आवाजाचं कापणं थांबलं. एक धागा वर, एक खाली. चित्र अडकलं नाही. आवाज तुटला नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, धागा ओढताना कळतं कसं किती ओढायचा?" आणि ही म्हणाली, "भोकाला दुखेल इतका नाही." मुली हसल्या. मला तर भरूनच आलं होतं.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, "आज अगदी स्वच्छ दिसतंय हं! कुठलं नेट घेतलंत?"

मी ताबडतोब फोनसमोर तोंड घातलं! पडद्यावर हात होते तिथं माझं डोकं वरच्या बाजूनं अवतरलं, ते विरळ केसांसकट. "त्याचं असं आहे, बाई," मी म्हणालो, "निवड शास्त्रशुद्ध हवी..."

"अहो, टक्कल दिसतंय," ही पुटपुटली. "व्हा बाजूला."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दार उघडलं तर काकू! माझी पाचावर धारण बसली. मागच्या खोलीत त्यांचा कोट पालथा पडलेला, आणि दहा-बारा मुली त्याच्या भोकात डोकावत असलेल्या. मी दारात असा आडवा झालो की हवासुद्धा आत जाऊ नये.

"निरीक्षक, तुमचं नेट नीट चालतंय का?" काकूंनी विचारलं. "माझी मालिका नुसती गोल गोल फिरतेय. सकाळी ठीक होतं."

अहाहा! एवढ्या धास्तीतही मला उकळ्या फुटल्या. "आमचं? उत्तम! अखंड! काकू, मी त्या दिवशी जिन्यात सांगत होतो ना, डोळे मिटून घेतलेल्या मालाचं हेच होतं."

"हं. मग काय करू?"

"सोपं आहे." मला त्यांना लवकरात लवकर वर पाठवायचं होतं. "वर जा, बटण बंद करा. चांगली दहा मिनिटं बंद ठेवा. एकदम ताजं होईल!"

"दहा मिनिटं?"

"पंधरा ठेवा! घाई कशाला?"

काकू वर गेल्या. मी दार लावलं, कपाळाचा घाम पुसला आणि मागच्या खोलीत आलो. हिची सुई शेवटच्या धाग्यांपाशी पोचली होती. "आता बघा हं मुलींनो, इथं सगळे चुकतात," ती म्हणाली. आणि पडदा थिजला.

मुलींचे चेहरे जागच्या जागी थांबले. मग चौकोन काळा झाला.

"अहो!" ही ओरडली. हिला ओरडताना मी फारसं ऐकलेलं नाही.

मी बैठकीत धावलो. राउटरवर एकही दिवा नव्हता! काळाकुट्ट. आणि त्याच्या अंगावर आईचा ओला रुमाल घडी करून ठेवलेला.

"आई! हे काय?"

"मघाशीच बंद केलंय," आई शांतपणे म्हणाली. "हात लावून पाहिला तर अंग तापलं होतं रे त्याचं. म्हटलं, सूनबाईचा एवढा मोठा कार्यक्रम, मधेच दमायला नको. जरा पडू दे. अकराला उठवायचं होतं, पण माझाच डोळा लागला."

"मघाशी बंद केलंस? मग इतका वेळ वर्ग कशावर चालला होता?"

मागच्या खोलीतून हिचा आवाज आला, अगदी बारीक. "अहो, हा फोन काकूंच्या नेटवर आहे. होता."

मग सगळा उलगडा झाला. पहिला प्रयोग फसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिन्यात शास्त्र सांगितलं, तेव्हा काकूंनी निरोप दिला होता कोटाचा. कोट कधी होईल ते सांगायला ही वर गेली, तर काकूंनी तिला बसवून घेतलं. म्हणाल्या, निरीक्षकांचं मोजमाप होईपर्यंत इथं सराव कर. पासवर्डही दिला. ही रोज दुपारी वर बसून सराव करत होती. फोनला ते नेट ओळखीचं झालं होतं. माझा पासवर्ड त्यात अजून टाकायचाच राहिला होता, म्हणून तो छतातून येणारं काकूंचं नेट धरून बसला! म्हणून तर काकूंची मालिका गोल फिरत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके आनंदात होतात," ही म्हणाली. "टेप घेऊन."

मी राउटरचं बटण दाबलं. दिवे एक एक करून, आळोखेपिळोखे देत उठायला लागले. फोनला आमचं नेट जोडायचं तर पासवर्ड हवा. तो माझा पासवर्ड! पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. हिचे डोळे भरून आले. माझ्याच शब्दाला मी स्वतःच्या तोंडानं खोटं ठरवलं होतं, 'पंधरा ठेवा' म्हणून!

मी जिना चढलो नाही, उडालो. काकूंच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"काकू, चालू करा!"

"तुम्हीच म्हणालात पंधरा..."

"मी गाढव आहे! आमचं आईनं झोपवलंय, ही तुमच्यावर वर्ग घेत होती, त्या मुली गेल्या तर हिचं सगळं जाईल, आणि काकू, काकांच्या कोटाला भोक पडलंय, ते मी पाडलंय, ड्रिलनं, छातीवर, ती तेच बुजवतेय, मी दारात तुम्हाला अडवलं ते म्हणूनच!"

एका श्वासात सगळं बाहेर पडलं. मला वाटलं, आता कुंडी येणार डोक्यात. काकू वळल्या आणि बटण दाबलं. डबीवर हिरवा दिवा लागला. त्या पायांत सपाता सरकवून खाली निघाल्या. मी मागून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

आम्ही पोचलो तेव्हा पडद्यावर संस्थेच्या बाई पुन्हा आल्या होत्या. "बाई, मुली जागच्या हलल्या नाहीत," त्या म्हणत होत्या. "म्हणाल्या, शेवटचं कसं करतात ते पाहिल्याशिवाय जाणार नाही."

काकू हिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. हिनं त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी कोटाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली. ही विणू लागली. शेवटचा धागा आत गेला. ओलं फडकं ठेवून तिनं इस्त्री फिरवली, कोट सरळ केला आणि फोनखाली धरला.

"सांगा, कुठं होतं?"

पडद्यावरच्या मुली पुढे झुकल्या. एकीनं खिशाजवळ दाखवलं, एकीनं गुंडीजवळ. कुणालाही सापडलं नाही. संस्थेच्या बाई चष्मा काढून बघत होत्या. "पुढच्या शनिवारपासून," त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला. जमेल ना?" हिला मान हलवायलाही जमेना, तेव्हा आईनं आत येऊन हिच्या वतीनं सांगितलं, "जमेल!"

फोन बंद झाल्यावर काकूंनी कोटावर बोट फिरवलं. "मलाही सापडत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण इथं कुठेतरी तुम्ही दोघं आहात आता." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या हातून भोक नसतं पडलं निरीक्षक, तर हे बघायला नसतं मिळालं. पण पुन्हा नका पाडू."

मी कान पकडले. खरोखरचे पकडले.

रात्रीच्या जेवणाला काकू आमच्याकडेच थांबल्या. बोलता बोलता मी विचारलं, "काकू, तुमचा पासवर्ड आहे तरी काय, की हिच्या लगेच लक्षात राहिला? माझा तर मलाच येत नाही."

काकू हसल्या. ही मात्र ताटाकडे बघू लागली. "सोपा आहे," काकू म्हणाल्या. "मी आलो गं. सगळं जोडून लिहायचं. हे कामावरून आले की जिन्यातूनच ओरडायचे. बेल कधी वाजवली नाही माणसानं. दुकानातला मुलगा म्हणाला, विसरणार नाही असं काहीतरी सांगा. तर हेच आलं तोंडात."

आईनं काकूंच्या ताटात न विचारता वाढलं.

सोमवारी मी कार्यालयातून परत आलो. रोज मी बेल वाजवतो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, आमच्या मजल्यावर आलो आणि माझ्याही तोंडातून निघून गेलं, "मी आलो गं!"

आणि लगेच वरच्या मजल्यावर कडी वाजली. दार उघडलं. मी जीभ चावून उभा राहिलो. एवढा मोठा माणूस, आणि कुठं काय बोलावं एवढं कळू नये!

काकू कठड्यावरून खाली वाकल्या.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या.

"चुकलं, काकू. पुन्हा नाही म्हणणार."

"म्हणत जा," काकू म्हणाल्या. "फक्त जरा मोठ्यानं म्हणा. हे मोठ्यानं म्हणायचे."

तेव्हापासून मी रोज म्हणतो. मोठ्यानं. पार खालच्या मजल्यापासून! वर काकूंची कडी वाजते, त्या डोकावतात, "वजनात काही कमी नाही ना?" विचारतात आणि आत जातात. माझा फोनही हल्ली जिन्यातच काकूंचं नेट पकडतो. ज्या मालाची मी निवड केली, तो पकडायला त्याला घरात यावं लागतं, आणि तिथंही तो सापडेलच असं नाही.

कारण दारात पाऊल टाकलं की आतून हिचा आवाज येतो, "कळलं, आलात! आता हातपाय धुवायच्या आधी तेवढं नेट उठवा. आईंनी पुन्हा झोपवलंय."